एका जंगलातल्या दोन भाषा : गोंडी आणि झाडीबोलीच्या तुलनेची प्रस्तावना

भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. तो मराठीचा. पुढच्याच वर्षी चौथा खंड आला, मुंडा आणि द्राविडी भाषांचा. सर्वेक्षण जॉर्ज ग्रियर्सन यांचे. पण हे दोन्ही खंड सिद्ध केले ते स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने. मराठी आणि गोंडी दोन्ही एकाच अभ्यासकाच्या हाताखालून गेल्या आणि दोन वेगळ्या खंडांत जाऊन बसल्या. कुळाच्या हिशेबाने ते बरोबरच होते. गोंडी द्राविडी कुळातली, मराठी आर्य कुळातली. पण पुढची शंभर वर्षे आपण त्या खंडांच्या पुठ्ठ्यांनाच भिंती मानले. मराठीच्या बोलींचा अभ्यास करणाऱ्याने गोंडी शिकायची नाही आणि गोंडीच्या अभ्यासकाने शेजारच्या झाडीबोलीकडे पाहायचे नाही, अशी जणू रीतच पडून गेली.

वैनगंगेच्या काठची माणसे मात्र ही रीत कधीच पाळत आलेली नाहीत. धानोरा, कुरखेडा, सिंदेवाही, राजुरा या भागांतल्या कितीतरी घरांत चुलीपाशी एक भाषा असते, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी. एकाच तोंडात वसणाऱ्या या भाषा अभ्यासकांनी वेगळ्या कपाटांत ठेवल्या. त्या एकत्र आणून शेजारी शेजारी मांडाव्यात, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

प्रदेशाची मर्यादा आधी सांगतो. झाडीपट्टी म्हटले की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे चार जिल्हे डोळ्यांपुढे येतात. या पुस्तकाने त्यांतले शेवटचे दोनच घेतले आहेत. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत ते एकच होते. जुना चांदा जिल्हा तो हाच. बल्लारपूर आणि चांदा या गोंड राजांच्या राजधान्या इथल्याच. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी दिली गेली तीही चांद्यालाच. या भूमीवर भाषांची दाटी मोठी आहे. सिरोंचात तेलुगू चालते, कोरचीकडे छत्तीसगढी कानावर पडते, जिवतीच्या पहाडावर कोलामी आहे, भामरागडात माडिया आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींमुळे चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत बंगालीही रुजली. या सगळ्यांचा संसार एका पुस्तकात मावणारा नाही. म्हणून ज्यांचा एकमेकींशी सर्वांत जुना आणि सर्वांत दाट संबंध आहे, अशा दोन भाषा निवडल्या.

तो संबंध कसा असतो हे पाहायचे तर मे महिन्यात एखाद्या तेंदूफळीवर उभे राहावे. पहाटे जंगलातून आणलेली पाने घरातल्या बाया आणि पोरे सत्तर-सत्तरच्या पुड्यांत बांधतात. संध्याकाळी ते पुडे फळीवर रांगेने मांडले जातात, मुन्शी मोजतो, वहीत लिहितो. मजुरीचा भाव शेकड्यावर ठरलेला असतो. पाने मोजणारी बाई घरी ‘उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग’ असे मोजते. पण गोंडीतल्या मूळ संख्या आज बहुतेकांच्या तोंडी सात ते दहापर्यंतच उरल्या आहेत. पुढे वीस, पन्नास, सत्तर हे आकडे तिला शेजारच्या भाषेकडूनच घ्यावे लागतात. फळीवर आली की मुन्शीशी ती झाडीबोलीत बोलते, मुन्शी वहीत प्रमाण मराठी लिहितो आणि ठेकेदाराचा माणूस पलीकडून तेलुगूत हिशेब विचारतो. तासाभराच्या त्या व्यवहारात चार भाषा हजर असतात, आणि त्या बाईला यात काही विशेष घडते आहे असे वाटतही नाही. वहीत उरते ती मात्र एकच.

आता या दोन भाषांमधले अंतर पाहू. गोंडीची सख्खी भावंडे दक्षिणेला आणि पूर्वेला आहेत. तेलुगू तिला जवळची. ओडिशातल्या कुई आणि कुवी त्याच गोतातल्या. तमिळ आणि कन्नड जरा दूरच्या. हाताला गोंडीत ‘कै’, डोळ्याला ‘कन्’, दुधाला ‘पाल’, माशाला ‘मीन’ म्हणतात. तमिळ माणसाला यातला एकही शब्द परका वाटणार नाही. मोहाच्या फुलांना ‘इरुक’ म्हणतात, गावोगाव उच्चार थोडा बदलतो. तमिळमध्ये त्याच झाडाचे नाव ‘इरुप्पै’ आणि तेलुगूत ‘इप्प’. धानोऱ्याच्या जंगलात मोह वेचणारी बाई आणि कावेरीकाठचा शेतकरी या झाडाला एकाच पूर्वज शब्दाने हाक मारतात, आणि दोघांना एकमेकांची खबर नाही.

व्याकरणातले अंतर याहून मोठे आहे. ‘वोर वातोर’ म्हणजे तो आला. ‘अद वाता’ म्हणजे ती आली, आणि नपुंसकलिंगी एकवचनातले ‘ते आले’ हेही त्याच रूपाने सांगायचे. गोंडीची एकवचनातली विभागणी पुरुष आणि पुरुषेतर अशी आहे. बाई, बैल आणि झाड हे व्याकरणापुरते एका गटात येतात. त्यात बाईचा मान कमी करण्याचा प्रश्न नाही; तेलुगूतही एकवचनात हीच व्यवस्था आहे, ती कुळातूनच आली आहे. पण पहिलीच्या वर्गात गोंडी बोलणारे मूल मराठीच्या तीन लिंगांशी पहिल्यांदा गाठ पडली की गोंधळते, आणि गुरुजींना वाटते की मूल मठ्ठ आहे. मुलाच्या डोक्यात एक नीटनेटके व्याकरण आधीच बसलेले आहे, हे गुरुजींना कोणी सांगितलेलेच नसते. या पुस्तकातले लिंगविचाराचे प्रकरण म्हणूनच सर्वांत विस्ताराने लिहिले आहे.

झाडीबोलीची गोष्ट निराळी. ती मराठीची बोली आहे आणि मराठी वाचकाला तिचा अर्थ लावायला दुभाषा लागत नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य वेचून तिचा अभ्यास केला, कोश केला, तिच्या नावाने साहित्य संमेलने उभी केली. त्यांच्या कामाशिवाय आज या विषयावर एक पान लिहिता आले नसते. ण, ळ, छ, श आणि ष हे पाच ध्वनी झाडीबोलीत नाहीत, हे त्यांनी नीट मांडून दाखवले. पाणी तिथे ‘पानी’ होते, डोळा ‘डोरा’, काळा ‘कारा’, छाती ‘साती’. धानाच्या शेतीचे तिचे शब्दभांडार तर अपार आहे. बांधी, धुरा, पऱ्हे, रोवणा, आवत्या, चुरणा, बोडी हे शब्द ज्याला ठाऊक नाहीत त्याला या भागातला पावसाळा कळायचा नाही. पुण्या-मुंबईच्या पाठ्यपुस्तकात शेत म्हणजे ज्वारी-उसाचे. धानाच्या चिखलातले शब्द तिथे क्वचितच येतात.

एक भाषा मराठीपासून कुळानेच दूर, दुसरी मराठीच्या पोटातली. मग तुलना कशाची? तुलना हवी ती इथेच, कारण कुळ वेगळे असूनही शेजार शेकडो वर्षांचा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची ‘मावा नाटे मावा राज’ ही घोषणा महाराष्ट्रभर गेली. ‘आमच्या गावात आमचे राज्य’ असा तिचा अर्थ. गाव म्हणजे ‘नार’; पण ‘गावात’ म्हणताना ‘नार’ला थेट प्रत्यय लागत नाही, आधी त्याचे ‘नाट-’ होते आणि मग प्रत्यय येतो. मराठीच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटले पाहिजे. घोडा या शब्दाला आपणही थेट प्रत्यय लावत नाही. ‘घोड्या’ असे सामान्यरूप करून मग ‘ला’ किंवा ‘वर’ लावतो. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा नामाला प्रत्यय लावण्यापूर्वी अशीच तयारी करतात. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा मराठीतला भेद घ्या. समोरच्याला वगळून ‘आम्ही’, त्याला धरून ‘आपण’. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ यांत तोच भेद आहे, आणि मराठीने तो द्राविडी शेजारातून उचलला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. शं. बा. जोशी आणि विश्वनाथ खैरे यांनी मराठीच्या घडणीतल्या द्राविडी धाग्यांविषयी लिहिले तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या. त्यांची सगळीच अनुमाने स्वीकारायची गरज नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता, आणि त्याची उत्तरे शोधायला झाडीपट्टीइतकी जिवंत जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

मात्र साम्य दिसले की लगेच निष्कर्षावर उडी मारू नये, हे या पुस्तकाचे पहिले पथ्य आहे. त्याचे एक उदाहरण इथेच देतो. मूळ द्राविडी ‘ण’ गोंडीत ‘न’ झाला आहे. तमिळचा ‘कण्’ गोंडीत ‘कन्’ होतो. तमिळमध्ये कोंबडीला ‘कोळि’ म्हणतात, तोच शब्द गोंडीत ‘कोर’ होतो. म्हणजे ‘ण’चा ‘न’ झाला आणि तमिळच्या त्या जिभेला वळण देणाऱ्या ‘ळ’सारख्या ध्वनीचा ‘र’. आता झाडीबोलीकडे पाहा : पाणीचे ‘पानी’, काळाचे ‘कारा’. हुबेहूब तेच दोन बदल! गोंडी बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मराठीकडे वळत गेली आणि आपल्या जिभेच्या सवयी सोबत घेऊन आली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पूर्वेच्या छत्तीसगढीतही ‘पानी’च आहे आणि तिथे गोंडीखेरीज इतर कारणेही आहेत. पश्चिमेच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो. तेव्हा गोंडीच्या शेजाराचा वाटा किती आणि छत्तीसगढीच्या शेजाराचा किती, हे एका ध्वनीवरून ठरत नाही. गावागणिक नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. या पुस्तकातले नकाशे त्यासाठीच आहेत.

या दोन भाषांचे भवितव्य समजून घेताना मला युरोपातल्या दोन भाषांचा फार उपयोग झाला. एक लिथुआनियन, दुसरी गॅलिशियन. एक बाल्टिक समुद्राच्या काठची, दुसरी स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातली. त्यांचे एकमेकींशी नाते अगदी लांबचे, आणि त्यांच्यावर आलेली संकटे तर पूर्ण वेगळ्या जातीची. पण गोंडी आणि झाडीबोली यांच्यावरची दोन निरनिराळी संकटे त्या दोघींच्या इतिहासात स्वच्छ दिसतात.

लिथुआनियन ही बाल्टिक शाखेतली भाषा. तिची बहीण लाटव्हियन आज आहे. दुसरी बहीण जुनी प्रशियन अठराव्या शतकाच्या आरंभी संपली. संस्कृत जाणणाऱ्याला लिथुआनियन ऐकताना नवल वाटते. ‘सूनुस’ म्हणजे मुलगा, आपला सूनु. ‘विल्कस’ म्हणजे लांडगा, आपला वृक. ‘उग्निस’ म्हणजे अग्नी. इतकी जुनी रूपे सांभाळणारी ही भाषा शतकानुशतके शेतकऱ्यांच्या घरांतच राहिली. लिथुआनियाचे राज्य एके काळी युरोपातल्या मोठ्या राज्यांपैकी होते, तरी त्याचा १५२९चा कायदेग्रंथ लिथुआनियनमध्ये नाही, तो एका स्लाव्ह भाषेत आहे. राज्य असले म्हणजे भाषेचे भले होतेच असे नाही. गढा-मंडल्याच्या गोंड राजाचा रामनगरचा १६६७चा शिलालेख संस्कृतात आहे, हे इथे आठवते. पहिले लिथुआनियन पुस्तक १५४७ साली छापले गेले तेही राज्याबाहेर, प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला. पुढे रशियन साम्राज्याने १८६४ मध्ये लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली. बंदी चाळीस वर्षे टिकली. त्या काळात प्रशियात पुस्तके छापून, पाठीवर गाठोडी लादून, रात्री सरहद्द ओलांडून ती गावोगाव पोचवणाऱ्या माणसांची एक परंपराच तयार झाली. पकडले गेले त्यांना सैबेरियात धाडले गेले. १९०४ मध्ये बंदी उठली. भाषापंडित याब्लोन्स्किस यांचे लिथुआनियन व्याकरण मात्र १९०१ सालचे, म्हणजे बंदीच्याच काळातले. आजही लिथुआनियात १६ मार्च हा दिवस त्या ग्रंथवाहकांच्या स्मरणार्थ पाळतात.

गॅलिशियनवर एवढी उघड बंदी फार कमी काळ होती. तिचे संकट जवळिकीचे. मध्ययुगात गॅलिशिया आणि पोर्तुगाल यांची बोली एकच होती आणि तिच्यात उत्तम काव्य होत असे. कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो यानेही आपली भक्तिगीते तिच्यातच रचवली. मग मिन्यो नदीच्या दक्षिणेला वेगळे राज्य झाले आणि तिथली भाषा पोर्तुगीज या नावाने जगभर गेली. आज ती वीस कोटींहून अधिक लोक बोलतात. उत्तरेला उरलेली तीच बोली मात्र स्पॅनिशच्या सावलीत ‘खेडवळांची’ ठरली. सोळाव्या ते अठराव्या शतकात तिच्यात फारसे काही लिहिलेच गेले नाही. स्पॅनिश इतकी जवळची की शब्द एकेक करून बदलत गेले आणि बोलणाऱ्याला आपण भाषा सोडतो आहोत हे जाणवलेच नाही. १८६३ साली रोसालिया दे कास्त्रो यांचा ‘कान्तारेस गायेगोस’ हा काव्यसंग्रह आला आणि भाषेने मान वर केली. त्याच्या शतकपूर्तीपासून, म्हणजे १९६३ पासून, १७ मे हा गॅलिशियन साहित्याचा दिवस झाला. १९८१च्या स्वायत्ततेच्या कायद्याने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत स्थान मिळाले, १९८३च्या भाषाविषयक कायद्याने ती शाळेत आणि कारभारात आली. तरी शहरांतली मुले आजही स्पॅनिशकडे सरकत आहेत, आणि आपले लेखन पोर्तुगीजच्या वळणाने करावे की स्पॅनिशच्या, हा तिथला वाद मिटलेला नाही.

आता आपल्याकडे येऊ. गोंडीची वाट लिथुआनियनसारखी आहे. मराठीपासून ती इतकी वेगळी की ती मराठीत विरघळू शकत नाही. तिला एक तर आत घ्यावे लागते, नाही तर दाराबाहेर ठेवावे लागते. आपण तिला दाराबाहेर ठेवले. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक होते. लिथुआनियन बोलणारेही साधारण तितकेच, तीस लाखांच्या घरात. एक २००४ पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे; दुसरी आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही नाही. २००३च्या घटनादुरुस्तीने संथाळी आणि बोडो तिथे पोचल्या, गोंडी राहिली. त्यातही गोंड जमातीची लोकसंख्या एक कोटीच्या वर आहे, म्हणजे चौघांपैकी तिघांच्या घरातून भाषा आधीच उठली आहे.

लिपीचा प्रश्नही तसाच. महाराष्ट्रात गोंडी देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र लिपी तयार केली. आदिलाबादच्या गुंजाला गावात दुसऱ्या एका लिपीतली जुनी हस्तलिखिते सापडली. संगणकाच्या युनिकोड संहितेत मसराम लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाला लिपी २०१८ मध्ये दाखल झाली. लिप्या दोन, राज्ये सहा, आणि प्रत्येक राज्याची शाळेतली भाषा निराळी. नागपूरच्या डॉ. मोतीरावण कंगाली यांनी नोकरी सांभाळून गोंडीचे व्याकरण, शब्दकोश आणि धर्मविचार यांवर जे काम केले ते एखाद्या विद्यापीठाच्या विभागाने करायचे काम होते. व्यंकटेश आत्राम यांनी ‘गोंडी संस्कृतीचे संदर्भ’ लिहून मराठी वाचकाला या जगाची दारे उघडून दिली. अशा माणसांनी आपल्याकडेही पुस्तके पाठीवरच वाहिली.

झाडीबोलीची वाट गॅलिशियनची. तिच्यावर कोणी बंदी घातली नाही. जनगणनेत तिचा वेगळा आकडा नाही, ती आठ कोटी तीस लाख मराठी भाषकांत मिळून गेली आहे. वर्गात मूल ‘सारा’ म्हणते, गुरुजी ‘शाळा’ म्हणून सुधारतात. त्यात गुरुजींचा हेतू वाईट नसतो. पण वर्षानुवर्षे ‘अशुद्ध’ हा शेरा ऐकत वाढलेले मूल आपल्या आईचे बोलणेच अशुद्ध समजू लागते, आणि पुढे आपल्या मुलाशी तसे बोलत नाही. झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्र-रात्र जागवते. देसाईगंज-वडसा हे तिचे माहेर. शंकरपट आणि मंडईच्या दिवसांत हजारो माणसे ही नाटके पाहतात, आणि गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तो या साऱ्या परंपरेचा सन्मान होता. तरी त्या मंचावरही नायक-नायिका बहुधा प्रमाण मराठी बोलतात आणि बोली येते ती हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी. ज्या भाषेत माणसे रडतात, भांडतात, लग्न ठरवतात, ती मंचावर फक्त हसण्यापुरती उरावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुखणे वेगळे असेल तर औषधही वेगळे हवे, हे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे. गोंडीला हवी शाळा, शिक्षक, छापील पुस्तक आणि कायद्याची ओळख. राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे अशी तजवीज १९५६ मध्येच केली. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, आणि तिच्या मान्यतेचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. एका गावाला हे स्वतःहून करावे लागले, यातच आपली बाकी किती थकली आहे ते दिसते. झाडीबोलीला वेगळे माध्यम नको, वेगळी अनुसूचीही नको. तिला हवा मान. पाठ्यपुस्तकात तिचे धडे हवेत, शिक्षकाच्या प्रशिक्षणात तिचे व्याकरण हवे, आणि मुलाच्या वहीतल्या ‘डोरा’खाली लाल रेघ ओढण्याआधी हा नियमाने झालेला बदल आहे एवढी जाण हवी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो दर्जा ज्या प्राचीनतेसाठी मिळाला ती ताम्रपटांत आणि ग्रंथांत जशी आहे तशीच बोलींतही आहे; बोली झिजू देऊन अभिजातपणा टिकवता येत नाही.

औषधांची अदलाबदल झाली की नुकसान होते, तेही नोंदवून ठेवतो. गोंडीला मराठीची एक ‘बोली’ समजून तिच्या दोन-चार ओळी पुस्तकात घालायच्या, हे गोंडीला पुरणारे नाही. उलट झाडीबोलीला मराठीपासून तोडून स्वतंत्र भाषा ठरवायची घाई केली, तर तिची माणसे ज्या साहित्याशी जोडलेली आहेत त्याच्याशीच तुटतील. गॅलिशियनमध्ये लेखनाच्या वळणावरून दोन पक्ष पडले आणि त्या वादात कितीतरी शक्ती गेली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. पहिल्या भागात दोन्ही भाषांचे ध्वनी, दुसऱ्यात नाम, लिंग आणि विभक्ती, तिसऱ्यात क्रियापद आणि नकार, चौथ्यात शब्दसंग्रह आहे. चौथा भाग जंगल, धानशेती, नातीगोती आणि देवकार्य अशा विषयांनी लावला आहे, अकारविल्हे नव्हे; कारण शब्द कामाच्या ओघात शेजारी आले तरच उसनवारी कोणत्या दिशेने झाली ते दिसते. गोंडी सर्वत्र देवनागरीत दिली आहे, मराठी वाचकाच्या सोयीसाठी. लिपीच्या प्रश्नावरचा तो निवाडा समजू नये. माडियाची रूपे वेगळ्या परिशिष्टात ठेवली आहेत, कारण तिला गोंडीच्या खाती सहज जमा करून टाकणे हाही अन्यायच. एखादा शब्द तुमच्या गावात वेगळा असेल तर तो चुकीचा नाही. तुमच्या गावाचा तो पुरावा आहे, समासात लिहून ठेवावा.

हे पुस्तक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडावे, गोंडवाना विद्यापीठासारख्या ठिकाणी यावर पुढचे काम व्हावे, अशी इच्छा आहेच. पण लिहिताना डोळ्यांसमोर होता तो एटापल्ली किंवा सिंदेवाहीच्या शाळेत नव्याने रुजू झालेला तरुण शिक्षक. त्याला समोरच्या बाकावरच्या दोन मुलांत काय फरक आहे ते कळावे. एका मुलाला मराठी परकी आहे. त्याला ती हळूहळू, त्याच्या भाषेचा हात धरून शिकवायची आहे. दुसऱ्याला मराठी येतेच, पण ती येते असे त्याला कोणी सांगितलेले नाही. त्याला ते सांगायचे आहे. या दोन मुलांशी दोन वेगळ्या रीतींनी वागणारा शिक्षक या जिल्ह्यांतल्या प्रत्येक शाळेला मिळाला, तर पुढच्या जनगणनेतले आकडे बदलायला आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घराघरांतले बोलणे टिकायला सुरुवात होईल. ज्यांनी अंगणात बसवून, शब्द पुन्हा पुन्हा उच्चारून, आमच्या चुकीच्या नोंदी सुधारून हे पुस्तक शक्य केले, त्या सर्व गावकऱ्यांचे हे ऋण असेच फिटू शकते.